कथेतून गाळलेला शेजारी

गेल्या पावसाळ्यात एका खेड्यातील मंडळीच्या भेटीस आम्ही गेलो असता तेथील शाळामास्तरांच्या घरी उतरलो होतो. मास्तरांची कन्या शहरात कॉलेजात शिकते. ती सुटीत घरी आली होती व तिने काही इंग्रजी कादंबऱ्या बरोबर आणल्या होत्या. रात्री जेवणे झाल्यावर तिने त्यांतील एकीची हकीकत आम्हांस सांगितली आणि शेवटी विचारले, “पाळकसाहेब, जे लोक खरोखर होते, ते कधी नव्हतेच अशी कल्पना करून गोष्ट लिहिली, तर त्यात काही दोष आहे काय? गोष्ट तर सारीच कल्पित असते.” मास्तर म्हणाले, “अगं, गोष्टच ती! तिचा एवढा काथ्याकूट कशाला?” आम्हीही हसून वेळ मारून नेली. परंतु त्या रात्री आम्हांस लवकर झोप लागली नाही. ती का लागली नाही, हे लेखाच्या शेवटी सांगू. त्या मुलीच्या प्रश्नाचे देणे आम्हांवर राहिले आहे, ते आज फेडीत आहो.

प्रथम त्या कादंबरीची हकीकत थोडक्यात सांगणे अवश्य आहे. अमेरिकेतील पॅट्रिशिया रीडी ह्या लेखिकेची ‘थर्टीन्थ चाइल्ड’, म्हणजे तेरावे अपत्य, ही कादंबरी २००९ साली प्रसिद्ध झाली. पुढे २०११ व २०१२ साली तिचे आणखी दोन भाग निघाले. इतिहास व अद्भुत ह्यांची सांगड घालून ही कथा रचलेली आहे. एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेसारखाच एक देश आहे; पण तेथे जादू ही एक विद्या म्हणून शाळांतून शिकवली जाते. देशाच्या मध्यातून एक महानदी वाहते. तिच्या काठाने मंत्रबळाचा एक अदृश्य तट उभारलेला आहे. कारण पलीकडच्या रानात केसाळ प्रचंड हत्ती व त्यांहूनही भयंकर असे अद्भुत प्राणी वावरतात. तरीही जमिनीच्या आशेने कुटुंबांमागून कुटुंबे ती नदी ओलांडून पश्चिमेस जातात, व प्रत्येक नव्या वस्तीस रक्षणाकरिता एक मांत्रिक लागतो.

कथेची नायिका एफ नावाची मुलगी आहे. ती आईबापांचे तेरावे अपत्य. आणि तेरावे मूल कुळाचा घात करते, अशी तिच्या नातलगांची समजूत. तिचा जुळा भाऊ मात्र सातव्या पुत्राचा सातवा पुत्र, म्हणून मोठ्या भाग्याचा. एकाच उदरातून एकाच वेळी आलेली दोन लेकरे, त्यांतील एकास सारे डोक्यावर घेतात व दुसरीस अपशकुनी म्हणून टाकून बोलतात. आमच्या खेड्यांतील वाचकांस हे फोडून सांगावयास नको. ‘पांढऱ्या पायाची’ म्हणून सासरी छळलेली सून आणि बापाच्या मरणाचे खापर जिच्या कपाळी फुटले अशी पोर आपण सर्वांनी पाहिलेली आहे. ही एफ लहानपणापासून स्वतःलाच भिते. आपल्या हातून काही घोर कृत्य घडेल, ह्या धास्तीने ती आपली विद्या दाबून ठेवते. पुढे हळूहळू तिला उमजते की, खोट तिच्या जन्मात नव्हती, लोकांच्या बोलण्यात होती. हा भाग लेखिकेने फार कनवाळू मनाने लिहिला आहे.

परंतु त्या कल्पित देशात एक मोठी उणीव आहे. खऱ्या अमेरिकेत गोरे लोक जाण्यापूर्वी हजारो वर्षे मनुष्यवस्ती होती. तेथे शेकडो राष्ट्रे होती, त्यांच्या भाषा, शेते, बाजार व कायदे होते. लेखिकेने अशी कल्पना केली की, प्राचीन काळी जी माणसे आशियातून त्या खंडात गेली, ती गेलीच नाहीत. शिकार करणारे कोणी नसल्यामुळे प्राचीन काळचे हत्ती जिवंत राहिले, आणि वसाहतवाल्यांस सारा पश्चिम देश निर्मनुष्य मिळाला. हत्ती राखले व माणसे गाळली. ज्या पुस्तकाचा सारा जीव एका धिक्कारलेल्या मुलीच्या कैवारात आहे, त्याच पुस्तकात शेकडो राष्ट्रांस जन्मच नाकारला गेला. पुस्तक बाहेर पडताच तिकडील वाचकांत ह्यावरून मोठा वाद माजला.

लेखिकेवर अन्याय होऊ नये म्हणून तिचा हेतूही सांगितला पाहिजे. तिचे म्हणणे असे होते की, जुन्या कथांतून मूळ रहिवाशांस रानटी व रक्तपिपासू रंगविलेले असते, तर नव्या कथांतून ते झाडापानांशी बोलणारे निष्पाप साधू असतात. दोन्ही चित्रे तिला सारखीच नावडती होती, म्हणून त्या लोकांवाचूनच कथा लिहावी असे तिने योजिले. म्हणजे द्वेषाने नव्हे, तर निंदा टाळण्याकरिता तिने त्यांस वगळले. हेतू वाईट नव्हता, आणि म्हणूनच प्रश्न कठीण आहे. वाईट हेतूने केलेल्या कृत्याचा निवाडा करणे सोपे असते. चांगल्या हेतूने केलेली चूक ओळखण्यास स्वतःच्याच काळजात हात घालावा लागतो.

आमच्या मंडळ्यांतील काही वृद्ध उपदेशक म्हणत की, कादंबरी म्हणजे असत्य, व असत्य तेवढे वर्ज्य. हे मत आम्हांस मान्य नाही. जो सांगतो व जो ऐकतो त्या दोघांसही ठाऊक असते की ही रचलेली गोष्ट आहे, तेथे फसवणूक कसली? दृष्टांतातील पेरणारा कोणत्या गावचा, असे कोणी विचारीत नाही. तेव्हा हत्ती रचावे, मंत्राचा तट रचावा, त्याने कोणाचे काही जात नाही. आमचा प्रश्न एवढाच आहे की, रचण्याची मोकळीक असली म्हणजे गाळण्याचीही तितकीच मोकळीक असते काय? आणि ज्यास गाळले तो जर आपला देणेकरी नसून आपणच त्याचे देणे लागत असलो, तर?

ह्याचा विचार करण्याकरिता ती खरी गाडीवाट कशी होती हे पाहू. मिसूरी प्रांतातील इंडिपेन्डन्स ह्या गावापासून ऑरेगॉनपर्यंत सुमारे २,००० मैलांची ती वाट. १८४३ साली सुमारे हजार माणसांचा पहिला मोठा तांडा तिने गेला, आणि १८६९ साली मे महिन्यात खंडाच्या दोन बाजूंस जोडणारा लोहमार्ग पुरा होईपर्यंत लाखो माणसे ह्या व हिच्या फाट्यांवरून पश्चिमेस गेली. गाडी म्हणजे सुमारे दहा फूट लांब व चार फूट रुंद लाकडी पेटा, वर कमानींवर ताणलेले जाड कापड, पाऊस झिरपू नये म्हणून त्यास चोपडलेले जवसाचे तेल. ओढण्यास बहुधा बैल. ते घोड्यांहून सोशीक व रानच्या गवतावर जगणारे. गाडीत पिठाची पोती व सामान भरलेले असे, म्हणून धडधाकट माणसे चार ते सहा महिने पायीच चालत. आमच्या वाचकांपैकी ज्यांनी ऊसतोडीच्या वा यात्रेच्या गाड्यांमागून पायपीट केली आहे, त्यांस ह्या प्रवासाचे कष्ट कळतील. पटकीने माणसे धडाधड मरत. नद्या उतरताना बुडत. स्वतःचीच बंदूक चुकून उडून मरत. पुष्कळांस वाटेवरच पुरून पुढे जावे लागे. ह्या लोकांचे धैर्य खोटे नव्हते, व ते नाकारणे हाही अन्यायच होईल.

परंतु मूळ रहिवाशांनी रोज गाड्यांवर हल्ले केले, ही जी समजूत शेकडो कथांनी व चित्रपटांनी पसरविली, ती खरी नव्हे. जॉन अनरू ह्या इतिहासकाराने १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात मोजदाद दिली आहे. १८४० पासून १८६० पर्यंतच्या काळात मूळ रहिवाशांच्या हातून मेलेले प्रवासी ३६२, आणि प्रवाशांच्या हातून मेलेले मूळ रहिवासी ४२६. उलटपक्षी, अनेक ठिकाणी ह्याच लोकांनी प्रवाशांस नदीपार उतरविले, वाट दाखविली, व अन्न संपले असता मासे विकून जगविले. ज्यांनी उतार दाखविला ते कथेत दरोडेखोर झाले. आणि तसे म्हणणे पुढे लाजिरवाणे वाटू लागले, तेव्हा ते कथेतून अजिबात नाहीसे झाले.

आता जमिनीचे पाहू. १८५० साली अमेरिकन सरकारने ऑरेगॉनाकरिता कायदा करून गोऱ्या वसाहतवाल्या पुरुषास ३२० एकर व विवाहित जोडप्यास मिळून ६४० एकर जमीन देऊ केली. त्या वेळी तेथील राष्ट्रांशी जमिनीविषयी मंजूर झालेला एकही तह नव्हता. म्हणजे मालकाशी बोलणे होण्यापूर्वीच शेत वाटून झाले. आमच्या गावच्या माणसास सात-बाराच्या उताऱ्याचे महत्त्व सांगावयास नको. एखाद्या सकाळी तलाठ्याच्या दप्तरी जावे व बापाचे नाव उताऱ्यावर नाही असे दिसावे, तेव्हा “ही नुसती कागदावरची गोष्ट आहे” असे कोणी म्हटले, तर तो त्यास काय उत्तर देईल?

कोणी म्हणेल, कादंबरी म्हणजे काही तलाठ्याचे दप्तर नव्हे. खरे आहे. परंतु ह्या मातीवर आधी कोण होते व आपण येथे कसे आलो, हे लहान मूल दप्तरातून शिकत नाही. ते आजीच्या गोष्टीतून शिकते. दप्तरातील चूक अर्ज करून दुरुस्त होते, पण गोष्टीतील चूक रक्तात मुरते. म्हणून आम्ही एक कसोटी सुचवितो. कथाकाराने काही गाळले, तर विचारावे की, ह्या गाळण्याने कोणाचे ओझे हलके झाले? हत्ती गाळले तर कोणाचे ऋण फिटत नाही. परंतु ज्याची जमीन गेली तो माणूस गाळला, तर ती जमीन कसणारास सुखाने झोप येते. आणि निंदेच्या भीतीने वगळले म्हणावे, तर निंदा झालेला माणूस निदान उभा राहून “हे खोटे आहे” असे म्हणू शकतो. ज्यास गाळले त्यास उभे राहण्यास जागाच उरत नाही. रीडीबाईंनी दोन खोट्या चित्रांस कंटाळून भिंत कोरी ठेवली. तिसरे, खरे चित्र काढणे कष्टाचे होते हे खरे. पण शेजाऱ्याशी ओळख करून घेणे हे नेहमीच कष्टाचे असते.

येथवर वाचून आपण मंडळीचे लोक ह्या प्रकरणाबाहेर आहो असे कोणी समजू नये. ज्या अमेरिकन बोर्डाचे मिशनरी १८१३ साली मुंबईस उतरले, व ज्यांच्यापासून पुढे अहमदनगरकडील मंडळ्या उभ्या राहिल्या, त्याच बोर्डाने १८३६ साली मार्कस व्हिटमन हा वैद्य, त्याची पत्नी नार्सिसा व स्पॉल्डिंग दांपत्य ह्यांस ऑरेगॉनाकडे धाडिले. त्या दोन स्त्रिया त्या वाटेने रॉकी पर्वत ओलांडणाऱ्या पहिल्या गोऱ्या स्त्रिया होत. व्हिटमन दांपत्याने कायूस लोकांत वायिलात्पू येथे ठाणे केले. १८४३ च्या मोठ्या तांड्यास व्हिटमनने स्वतः साह्य केले, आणि पुढे त्याचे घर थकल्याभागल्या प्रवाशांचे विसाव्याचे ठिकाण झाले. प्रवाशांची सेवा हे पुण्यकर्मच होते. परंतु ज्यांच्याकरिता तो तेथे गेला होता, त्या कायूस लोकांच्या डोळ्यांदेखत प्रत्येक वर्षी अधिक गाड्या येत होत्या.

१८४७ साली गोवराची साथ आली. गोऱ्यांची मुले बहुधा बरी होत. कायूस लोकांत त्या रोगाविरुद्ध अंगची शक्ती नसल्यामुळे त्यांची मुले व मोठी माणसेही फार मेली. औषध देणारा वैद्य एकच, आणि परिणाम असे दोन! त्यांच्यात असा संशय पसरला की, हा वैद्य विष घालतो. त्या सालच्या २९ नोव्हेंबर रोजी हल्ला झाला, व त्यात व्हिटमन पतिपत्नींसह १३ जण मारले गेले. त्यानंतर लढाई झाली, आणि १८५० सालच्या ३ जून रोजी पाच कायूस पुरुषांस ऑरेगॉन सिटी येथे फाशी दिले. हा खून होता, ह्यात संशय नाही, व आम्ही त्याचे समर्थन करीत नाही. परंतु मेलेल्या लेकरांस पुरून आलेल्या आईबापांच्या मनात काय होते, हे मंडळ्यांतून सांगितल्या गेलेल्या कथेत फार काळ कोणी विचारले नाही.

उलट, स्पॉल्डिंग ह्यांनी व त्यांच्या मागून इतरांनी एक निराळीच कथा पसरविली. ती अशी की, १८४२ च्या हिवाळ्यात व्हिटमन घोड्यावरून पूर्वेस गेला तो ऑरेगॉन प्रांत आपल्या राष्ट्राकरिता वाचविण्यासाठी. खरे पाहता बोर्डाने काही ठाणी बंद करण्याचा हुकूम दिला होता, तो फिरवून घेणे हे त्याच्या जाण्याचे मुख्य कारण होते. विसाव्या शतकाच्या आरंभी एडवर्ड बोर्न ह्या इतिहासकाराने कागदपत्रे तपासून ती दंतकथा निराधार ठरविली. तेव्हा कादंबरीकारांस दोष देण्यापूर्वी आम्ही पाळकांनी हे ध्यानात ठेवावे की, ‘कादंबरी’ असे नाव न देता कादंबरी सांगण्याचे काम आमच्याच बंधूंनी केलेले आहे. कादंबरीवरील पाटी तरी प्रामाणिक असते.

त्याच बोर्डाचा दुसरा एक मनुष्य येथे आठवतो. १८३० सालच्या कायद्याने चेरोकी राष्ट्रास त्याच्या भूमीवरून पश्चिमेस हलविण्याचा मार्ग सरकारास मोकळा झाला. सॅम्युअल वूस्टर हा मिशनरी त्यांच्या बाजूने उभा राहिला व जॉर्जिया प्रांताने त्यास सक्तमजुरीच्या कैदेत टाकिले. १८३२ साली वरिष्ठ न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला, तरी देशांतर टळले नाही. १८३८ व १८३९ ह्या वर्षांत सुमारे १६,००० चेरोकी लोकांस पश्चिमेस नेण्यात आले, व त्यांपैकी सुमारे ४,००० मरण पावले असे सांगतात. त्यांच्याबरोबरही गाड्या होत्या. म्हातारी व आजारी माणसे गाडीत, बाकीचे पायी. तीच दिशा, तशीच चाके. परंतु ‘पश्चिमेस जाणारी गाडी’ म्हटले की कोणाच्याही डोळ्यांपुढे ह्या गाड्या येत नाहीत. कोणती गाडी आठवावी हे कथा ठरविते, एवढेच ह्यावरून दाखवावयाचे आहे.

आता मास्तरांच्या कन्येजवळील दुसरी कादंबरी पाहू. ऑर्सन स्कॉट कार्ड ह्या लेखकाची ‘सेव्हन्थ सन’, म्हणजे सातवा पुत्र, ही १९८७ सालची कथा आहे, व तिच्या आरंभीच्या भागातच गाडी येते. एक कुटुंब पश्चिमेस जात असता नदी ओलांडताना पूर येतो. वाहत आलेले झाड गाडीवर आदळून पोटुशी आई मरणार, इतक्यात थोरला मुलगा त्याच्या आड येतो व घायाळ होतो. धाकट्या भावाचा जन्म होईपर्यंत तो प्राण धरून राहतो, आणि मग मरतो. ह्या धाकट्या भावाचीच पुढील कथा आहे. ह्या पुस्तकातही अद्भुत आहे, व देश कल्पित आहे. परंतु मूळ रहिवासी येथे गाळलेले नाहीत.

१९८८ साली निघालेल्या ‘रेड प्रॉफेट’ ह्या तिच्या दुसऱ्या भागात, म्हणजे तांबडा संदेष्टा ह्यात, वसाहतवाल्यांस खोटी खबर देऊन भडकविण्यात येते. ते टिप्पी-कनू नदीपाशी, हातात शस्त्र न धरता उभ्या राहिलेल्या हजारो माणसांची कत्तल करतात. त्यांत नायकाचा बाप व भाऊही असतात. सत्य कळल्यावर मूळ रहिवाशांचा संदेष्टा त्यांस शिक्षा सांगतो. ती शिक्षा म्हणजे मरण नव्हे, जमीन हिरावणे नव्हे. गावात कोणी परका आला, तर त्यास त्या दिवशी आपण काय केले हे सारे खरे सांगावे. न सांगितले, तर हातांस रक्त दिसू लागेल आणि सांगेपर्यंत ते जाणार नाही. मग ते लोक शेती करतात, मुले वाढवितात, प्रार्थनेस जमतात. परंतु प्रत्येक पाहुण्यापुढे त्यांस ती गोष्ट सांगावीच लागते.

ह्या कादंबरीतही दोष आहेत. तिच्यातील मूळ रहिवासी भूमीचे संगीत ऐकणारे असे दाखविले आहेत. रीडीबाईंस नको असलेले साधूचे चित्र ते हेच. शेवटी त्यांचा संदेष्टा आपल्या लोकांस महानदीच्या पश्चिमेस घेऊन जातो. हाही एक प्रकारे त्यांस दूर सारण्याचाच उपाय झाला. तरी त्या शिक्षेची कल्पना आम्हांस फार विचार करण्याजोगी वाटते. १८५० साली खऱ्या न्यायालयाने पाच जणांस फाशी दिले, आणि तेवढ्याने प्रकरण मिटले असे सर्वांनी समजले. कादंबरीतील संदेष्टा कोणासही मारीत नाही, पण प्रकरण मिटूही देत नाही. अपराध झाकला तर तो हातावर राहतो आणि सांगितला तर हात कामास मोकळे होतात, हे त्याला कळले होते.

“जुनी मढी उकरून काय लाभ? ज्यांनी केले ते मेले, ज्यांचे गेले तेही मेले, नव्या पिढीत वैर मात्र माजेल,” असा आक्षेप येईल. ह्या आक्षेपात दयेचा अंश आहे, म्हणून तो झिडकारू नये. परंतु ज्यांचे गेले ते सारे मेलेले नाहीत. कायूस लोकांचे वंशज ऑरेगॉनात आजही आहेत; चेरोकी राष्ट्रही आहे. मृत म्हणून ज्यांस गाळावे, ते दाराशी उभे असतात. दुसरे असे की, वैर बोलण्याने वाढते तसे न बोलण्यानेही वाढते. फरक इतकाच की न बोलण्याने वाढलेले एकाच बाजूस दिसते. तिसरे असे की, सांगणे म्हणजे नातवास आजोबाच्या गुन्ह्याकरिता शिक्षा देणे नव्हे. नातवाच्या हातावर रक्त नाही. मात्र आजोबाचे शेत तो खात असेल, तर त्या शेताची पुरी गोष्ट सांगण्याचे कामही वारशात त्याच्याकडे आले आहे.

आता आमच्या झोपेची गोष्ट. काही वर्षांपूर्वी आमच्या जन्मगावच्या मंडळीस शंभर वर्षे झाली, तेव्हा स्मरणपुस्तिका लिहिण्याचे काम आम्हांकडे आले. आम्ही महारवाड्यातले. आमचे पूर्वज प्रथम मंडळीत आले. मागून मांगवाड्यातील काही घरे आली. ती दाराजवळ बसविली जात, त्यांचे पाण्याचे भांडे निराळे ठेवीत, आणि आमच्या वाडवडिलांनी विहिरीवर त्यांची घागर फेकून दिल्याचा प्रकारही घडला होता. गावाने आम्हांस जे केले, तेच आम्ही त्यांस केले. शेवटी ती घरे गाव सोडून गेली. हे सारे आम्ही आमच्या आजीच्या तोंडून ऐकले होते. पुस्तिकेत आम्ही लिहिले की, मंडळी आरंभापासून एकदिलाने वाढली. आमचा हेतू वाईट नव्हता. कोणाचा अपमान होऊ नये, कोणा जातीचे नाव वाईट प्रसंगाने छापले जाऊ नये, असे आम्हांस वाटले. रीडीबाईंचा हेतू ऐकताच आम्ही तो ओळखला, तो ह्याचमुळे.

समारंभाच्या दिवशी त्या घराण्यातील एक वृद्ध बाई दुरून आल्या होत्या. त्यांनी पुस्तिका हाती घेतली, नातीकडून पाने चाळविली आणि विचारले, “आमच्या आज्याचं नाव कुठं हाय?” नातीने सारी पाने पाहिली. बाई काही बोलल्या नाहीत. पुस्तिका त्यांनी पुन्हा गठ्ठ्यावर नीट ठेवली व जेवण न करता एसटीने परत गेल्या. आम्ही हे पाहिले होते. पाहिले नाही असे आजवर धरून चाललो होतो.

तेव्हा मास्तरांच्या कन्येस आमचे उत्तर असे. मुली, गोष्ट रचण्यात दोष नाही. पण ज्याच्या अंगणातून आपली गाडी गेली त्यास गोष्टीतून काढून टाकण्यात दोष आहे. हेतू चांगला असला तरीही आहे. तू ती तेराव्या मुलीची कादंबरी अवश्य वाच, कारण तिच्यात पुष्कळ चांगले आहे. आणि वाचताना जे लोक तेथे नाहीत त्यांची आठवण ठेव. पुढे कधी तू स्वतः काही लिहिलेस, तर आमच्यासारखे करू नकोस.

आम्ही त्या पुस्तिकेचे नवे पान लिहून पंचांपुढे ठेवले आहे. दोघांनी मान्यता दिली आहे, दोघे म्हणतात की आता कशाला, आणि एकजण अद्याप बोललेले नाहीत. पान छापले जाईल की नाही, हे आज सांगता येत नाही. परंतु त्या आजोबाचे नाव आम्ही शोधून काढले आहे, आणि येत्या महिन्यात ते घेऊन त्या बाईंच्या घरी जाण्याचे ठरविले आहे. त्या आम्हांस घरात घेतील किंवा न घेतील. सांगण्याचे काम आमचे आहे.